गाडीचा अधिवास दाखला

कॅनडात माणसानं प्रांत बदलला तर सरकार ढुंकूनही बघत नाही. टोरांटोचा माणूस सकाळी उठला, त्याच्या मनात आलं आणि तो व्हँकुव्हरला राहायला गेला, तर त्याला ना-हरकत दाखला लागत नाही, तलाठ्याची सही लागत नाही, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा कुणी मागत नाही. १९८२ सालच्या हक्कांच्या सनदेत, सहाव्या कलमात, तसं स्वच्छ लिहूनच ठेवलंय : नागरिक असो वा कायमचा रहिवासी, त्यानं वाटेल त्या प्रांतात जावं, राहावं, पोट भरावं. गाडीबद्दल मात्र त्या कलमात एक अक्षर नाही.

त्यामुळं इथं माणूस देशाचा असतो आणि गाडी प्रांताची. तिच्या पाठीवर प्रांताचं नाव तर असतंच, वर प्रांताचं स्वतःविषयीचं मतही असतं. ब्रिटिश कोलंबिया स्वतःला 'सुंदर' म्हणवून घेते. मॅनिटोबा 'मनमिळाऊ'. सस्कॅचवान म्हणजे 'जिवंत आकाशांचा प्रदेश', कारण जमिनीवर गव्हाशिवाय दाखवण्यासारखं फारसं नाही. आपल्याकडं ट्रकच्या मागं 'आईची कृपा' रंगवायचं तर मालक पेंटर बोलावतो, अक्षराचा दर ठरवतो, मोर हवा की कमळ हे सांगतो. इथं मजकूर सरकार ठरवतं आणि प्लेटचे पैसे तुमच्याकडून घेतं.

प्लेट बदलणं हे चार स्क्रूंचं काम. पण त्या चार स्क्रूंच्या मागं विमा उभा असतो.

भारतातून आलेल्या माणसाच्या हे पटकन डोक्यात शिरत नाही, कारण आपल्याकडं सगळं नेमकं उलटं आहे. पुण्यात काढलेली पॉलिसी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चालते. गाडी गुवाहाटीत ठोकली तरी कंपनी 'तुम्ही आसामात कसे?' असं विचारत नाही. आपल्याकडं अडतो तो रोड टॅक्स. एमएच-१२ची गाडी घेऊन बंगळुरात नोकरीला गेलेली मुलं टोलच्या पावत्या ग्लोव्ह बॉक्समध्ये जन्मपत्रिकेसारख्या जपून ठेवतात, कारण मोटार वाहन कायद्याचं ४७वं कलम परराज्यात बारा महिने देतं आणि गाडी राज्यात कधी शिरली हे चौकातल्या हवालदाराला दाखवावं लागतं. मग आरटीओची एनओसी, अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, पुण्यात भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळवण्यासाठी पुण्यातच चकरा. २०२१पासून बीएच मालिका आली आणि बदलीच्या नोकरीवाल्यांची जरा सोय झाली. पण या सगळ्या रामायणात विम्याची पॉलिसी मागच्या सीटवर स्वस्थ झोपलेली असते. कॅनडात तीच उठून बसते आणि म्हणते, मी पुढं येणार नाही, मला इथंच उतरवा.

ती असं का म्हणते, याचं मूळ ऑन्टारियोतल्या ऑरेंजव्हिल नावाच्या गावात आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात पार्सन्स नावाचा एक हार्डवेअरवाला होता. त्याचं दुकान जळालं. दुकानाचा विमा होता. विमा कंपनीनं, विमा कंपनीला शोभेल असं, अटींवर बोट ठेवलं. पार्सन्स म्हणाला, ऑन्टारियोच्या कायद्यानं पॉलिसीच्या अटी कशा असाव्यात हे ठरवून दिलंय, तुमच्या अटी चालणार नाहीत. कंपनी म्हणाली, विमा हा व्यापार आहे, व्यापार हा केंद्राचा विषय, तेव्हा ऑन्टारियोला असा कायदा करण्याचा अधिकारच नाही. खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाचं भांडण अटलांटिक ओलांडून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, आणि १८८१ साली निकाल लागला की विम्याचा करार हा मालमत्ता आणि नागरी हक्कांचा मामला, म्हणजेच प्रांताचा. याच प्रिव्ही कौन्सिलनं पुढं १९१५ साली ताईमहाराज प्रकरणात लोकमान्यांच्या बाजूनं कौल दिला, त्यामुळं मराठी माणसाला तिच्याविषयी वाईट बोलवत नाही. पण ऑरेंजव्हिलच्या एका जळक्या दुकानापायी माझ्या मेहुण्याला ब्रिटिश कोलंबियातल्या सरे गावात विम्याच्या काउंटरसमोर फाइल घेऊन उभं राहावं लागलं, हेही खरं.

निकालाचा परिणाम असा की दहा प्रांत आणि जवळपास तितक्याच तऱ्हा. सस्कॅचवाननं १९४६ साली सक्तीचा सरकारी गाडी-विमा आणला. तेव्हा तिथं टॉमी डग्लस मुख्यमंत्री होते, म्हणजे इथल्या भाषेत प्रीमियर. कॅनडाच्या सरकारी वैद्यकीय सेवेचे जनक ते हेच, आणि नटवर्य कीफर सदरलंडचे आजोबाही हेच. १९७१ साली मॅनिटोबानं तोच मार्ग धरला, १९७३ साली ब्रिटिश कोलंबियानं. क्यूबेकनं १९७८पासून मधला तोडगा काढला : माणूस सरकारचा, पत्रा कंपनीचा. अपघातात हाड मोडलं तर सरकारी खातं बघणार, बंपर मोडला तर खासगी कंपनी. ही व्यवस्था आणणाऱ्या मंत्रीणबाई लीझ पायेत या आधी दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय निवेदिका होत्या. क्यूबेकच्या नंबरप्लेटवर 'मला आठवतंय' हे वाक्यही त्यांनीच आणलं. नेमकं काय आठवतंय, यावर तिथल्या लोकांचं अजून एकमत झालेलं नाही.

ऑन्टारियो आणि आल्बर्टात खासगी कंपन्यांचं राज्य. खासगी म्हणजे स्पर्धा, आणि स्पर्धा म्हणजे स्वस्त, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. ती पुस्तकं लिहिणारे ब्रॅम्प्टनला राहत नसावेत. ऑन्टारियोतल्या सर्वांत महाग विम्याच्या गावांची यादी निघाली की ब्रॅम्प्टनचं नाव वरच असतं. हप्ता ठरताना कंपनी तुमचं वय बघते, गाडी बघते, चुका बघते आणि पोस्टल कोड बघते. यातली शेवटची गोष्ट तुमच्या सद्वर्तनानं सुधारत नाही. त्यामुळं ब्रॅम्प्टनच्या माणसाला कुणी 'कसं काय?' विचारलं तर तो आधी विम्याचा हप्ता सांगतो आणि मग प्रकृती. हद्दीपलीकडं घर घेतलेला एक मित्र प्रत्येकाला असतोच. तो आपला हप्ता सांगतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि मगच पुरणपोळीवर तूप वाढून घेतो.

माझा धाकटा मेहुणा या ब्रॅम्प्टनचा. कंपनीनं त्याला व्हँकुव्हरच्या ऑफिसात पाठवायचं ठरवलं आणि त्यानं सरेला घर बघितलं. बातमी मंडळाच्या गणपतीत फुटली. जमलेल्या पुरुषवर्गानं नोकरी, घराच्या किमती, मुलाची शाळा हे विषय मोदक संपायच्या आत उरकले आणि मग सगळे विम्यावर बसले. सरे, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया. म्हणजे सरकारी विमा. म्हणजे आयसीबीसी. ब्रिटिश कोलंबियात सक्तीचा मूळ विमा त्या एकाच महामंडळाकडून घ्यावा लागतो. वरची जादा झूल खासगी कंपनीकडून चढवता येते, पण आतलं वस्त्र सरकारीच. यावर मंडळात दोन तट पडले. एक तट एलआयसीच्या आठवणींनी सद्गदित झाला. दुसऱ्या तटातले, एसटी महामंडळाचा अनुभव असलेले काका म्हणाले, 'महामंडळ म्हणजे तोट्यात असणार.' काकांचा नेम अगदीच हुकला नव्हता. २०१८ साली त्या प्रांताचे अॅटर्नी जनरल डेव्हिड एबी यांनी आयसीबीसीच्या हिशेबांना जाहीरपणे 'पेटलेली कचराकुंडी' म्हटलं होतं. पुढं मे २०२१मध्ये व्यवस्थाच बदलली. जखमी माणसाला आता उपचार आणि भरपाई थेट महामंडळाकडून मिळते, ठोकणाऱ्याला कोर्टात खेचण्याची वाट बहुतेक बंद झाली. हप्ते उतरले, वकील उदास झाले. एबी आता तिथले प्रीमियर आहेत.

मंडळात आणखी एक गृहस्थ असतातच. प्रत्येक मंडळात असतात. त्यांची नेमणूक घटनेत असावी. त्यांना प्रत्येक नियमातली फट माहीत असते आणि स्वतः मात्र ते त्या फटीतून कधी जात नाहीत. ते मेहुण्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, 'पॉलिसी बदलूच नकोस. पत्ता माझा दे. पत्रं आली की मी फोटो काढून पाठवीन.' ब्रॅम्प्टनचा हप्ता भरत राहून ब्रिटिश कोलंबियात गाडी चालवायची, यात फायदा कुणाचा, हा प्रश्न त्या क्षणी कुणाला सुचला नाही. फट सापडली की मराठी माणूस गणित विसरतो.

मेहुणा गाडीनंच गेला. टोरांटोहून व्हँकुव्हर म्हणजे सुमारे चार हजार चारशे किलोमीटर, आणि त्यातला बराचसा भाग सुपीरियर सरोवराला प्रदक्षिणा घालण्यात जातो. वावा गावातल्या महाकाय हंसाच्या पुतळ्याखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. थंडर बे, विनिपेग, रेजायना, कॅलगरी करत, रॉकी पर्वत ओलांडून मंडळी उतरली. या सबंध प्रवासात गाडी परक्या प्रांतांतून धावत होती आणि तिचा विमा जराही बिघडत नव्हता, कारण ऑन्टारियोची पॉलिसी सबंध कॅनडात आणि अमेरिकेतही चालते. प्रवासी म्हणून गाडीला कुठंही मज्जाव नाही. तिनं मॅनिटोबात थांबून समोसे खाल्ले, सस्कॅचवानमध्ये टायर तपासले, आल्बर्टात मुक्काम केला, कुणी हरकत घेतली नाही. सरेच्या घरासमोर ती उभी राहिली, सामान उतरलं, आणि तिथून हळूहळू कायदा सुरू झाला.

हळूहळू म्हणतो, कारण सगळं घोडं इथंच अडतं. ब्रिटिश कोलंबियात पाहुणी म्हणून आलेली गाडी सहा महिने आपल्या मूळ प्लेटवर फिरू शकते. राहायला आलेली असेल तर तीस दिवसांत तिनं तिथली नोंदणी आणि तिथला विमा करायचा. तिच्या मालकाला लायसन्स बदलायला नव्वद दिवस दिलेत. ते जुनं दिलं की नवं मिळतं, परीक्षा नाही. म्हणजे गाडीनं माणसाच्या तिप्पट वेगानं ब्रिटिश कोलंबियन व्हायचं. उलट दिशेनं ऑन्टारियोत आलात तर गाडीला तीस आणि लायसन्सला साठ. आल्बर्टात दोन्हींना नव्वद. आता पाहुणा कोण आणि रहिवासी कोण, हे ठरवायचं कसं? एकच गाडी, एकच माणूस, एकच रस्ता. फरक फक्त मनातल्या हेतूचा. अद्वैत वेदान्तातही इतका बारीक मुद्दा क्वचित येतो.

मेहुण्यानं पहिले काही आठवडे हेतू मोकळा ठेवला. फोनवर मला म्हणाला, 'भावोजी, तसं बघितलं तर आम्ही अजून राहायला आलोच नाही. बघायला आलोय.' घरात पडदे लागले होते. मुलाचं नाव शाळेत घातलं होतं. बाल्कनीत तुळस लावली होती, आणि तुळस लावून कुणी बघायला येत नाही. शेवटी फोन हिनं हातात घेतला. ही त्याची थोरली बहीण, आणि क्लेम तपासणारा माणूस तिच्यात जन्मजात आहे.

'गाडी रात्री कुठं असते रे?'

'इथंच. सरेला.'

'किती रात्री?'

'म्हणजे... सगळ्या.'

'आणि पॉलिसीवर काय लिहिलंय? रात्री कुठं असते?'

'ब्रॅम्प्टनला.'

'मग ब्रॅम्प्टनच्या घरासमोर कोण उभं असतं रात्री?'

इतक्या सरळ भाषेत हा कायदा मी दुसरीकडं कुठं ऐकलेला नाही. विमा कंपनीनं हप्ता लावलेला असतो तो गाडी जिथं राहते तिथल्या धोक्यावर. गाडी दुसरीकडं राहायला गेली, हे तिला सांगितलं नाही, आणि पुढं काही झालं, तर ती क्लेम नाकारू शकते, पॉलिसीच रद्द धरू शकते. तिला हे शोधून काढायला गुप्तहेर लागत नाहीत. मुलाची शाळा, विजेचं बिल, पेट्रोल पंपावरच्या पावत्या, कामाचा पत्ता. शेजारणीलाही जेवढं माहीत असतं तेवढंच तिला पुरतं. आणि ब्रिटिश कोलंबियाच्या दृष्टीनं तर तुमची पॉलिसी तीस दिवसांनंतर शोभेची. म्हणजे दोन प्रांतांच्या मध्ये एक अशी जागा आहे, जिथं माणूस दर महिन्याला हप्ता भरतो आणि तरीही विम्याशिवाय हिंडतो. फटीतल्या गृहस्थांनी दाखवलेली फट ती हीच. ऑन्टारियोत विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला दंड पाच हजार डॉलरपासून सुरू होतो. इतर प्रांतही या बाबतीत लाड करत नाहीत.

तर मेहुण्याचा हेतू त्या दिवशी संध्याकाळी स्थिर झाला.

पहिली पायरी तपासणीची. दुसऱ्या प्रांतातली गाडी नोंदवायची तर अधिकृत गॅरेजात तिची शारीरिक तपासणी करून घ्यावी लागते. मेहुण्यानं गाडी आधी घरी धुतली, आत व्हॅक्यूम मारला, डॅशबोर्डवरचा गणपती पुसला. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला लागतं तेवढं सगळं केलं. मेकॅनिक आला आणि त्यानं वरून बघितलंच नाही. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली, खाली जाऊन टॉर्च मारला आणि नुसतं 'ऑन्टारियो' एवढंच म्हणाला. कागद न बघता. ऑन्टारियोत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर ढिगांनी मीठ टाकतात, आणि ते गाडीच्या पोटाला लागतं. मेकॅनिकनं एका ठिकाणी हातमोज्याचं बोट घासलं तर तपकिरी पापुद्रे सुटून त्याच्या तळव्यावर पडले. त्यानं ते मेहुण्याला दाखवले. गाडी खाल्ल्या मिठाला जागली होती.

पुढं काच आली. पुढच्या काचेला, ड्रायव्हरच्या नजरेसमोर, एक तडा होता. सुपीरियर सरोवराजवळ कधीतरी पुढच्या ट्रकखालून खडा उडाला होता. आधी तो तांदळाएवढा होता, रॉकीतल्या थंडीत शेवईएवढा झाला. काच बदला. मग दारांच्या काचा. ब्रॅम्प्टनच्या एका होतकरू दुकानदारानं पुढच्या दोन्ही काचांना काळी फिल्म लावून दिली होती; ब्रिटिश कोलंबियात पुढच्या बाजूच्या काचांना ती चालत नाही. फिल्म काढायला जितके पैसे गेले, ते लावायला गेलेल्या पैशांच्या अगदी जवळपास होते, आणि मेहुण्याला ही समानता सहन झाली नाही. बंपरखाली वाळून काळी पडलेली लिंबू-मिरची लोंबत होती. मेकॅनिकनं ती बराच वेळ बघितली. ही वायर कशाची आहे, असा त्याचा प्रश्न होता. मेहुण्यानं सांगितलं, ही सुरक्षेसाठी. तपासणीच्या फॉर्मवर तिच्यासाठी चौकोन नव्हता.

आल्बर्टाहून येणाऱ्यांना इथं आणखी एक मौज असते. आल्बर्टात गाडीला पुढची नंबरप्लेट लागत नाही, ब्रिटिश कोलंबियात लागते. तेव्हा आयुष्यभर जपलेल्या, एक ओरखडा नसलेल्या बंपरला मालकाच्या देखत ड्रिलनं भोकं पाडतात. मी अशा एका गृहस्थांना ओळखतो. कान टोचण्याच्या वेळी लेकीला आत सोडून ते बाहेर उभे राहिले होते, तसेच गॅरेजच्याही बाहेर जाऊन उभे राहिले.

तपासणीचा कागद हातात आला की विम्याचं काउंटर. इथं मात्र ब्रिटिश कोलंबियाला मानलं पाहिजे. नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा या तिन्ही गोष्टी एकाच दलालाच्या एकाच टेबलावर होतात. आपल्याकडं दलाल म्हटलं की आरटीओच्या फाटकाबाहेर झाडाखाली, स्कूटरच्या डिकीत फॉर्म ठेवून उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. इथं तो मॉलमध्ये, भाजीच्या दुकानाशेजारी, पाटी लावून बसतो आणि सरकारनंच त्याला बसवलेलं असतं. काउंटरवरच्या बाईंनी जुनी नोंदणी घेतली, तपासणीचा कागद घेतला, आणि मागच्या कंपनीचं पत्र मागितलं : इतकी वर्षं विमा होता, इतके क्लेम झाले किंवा झाले नाहीत. हे पत्र म्हणजे इथल्या माणसाची खरी कमाई. ते असेल तर सवलत, नसेल तर तुम्ही काल स्टिअरिंग धरलेला नवशिका. ते मिळवायला जुन्या कंपनीला फोन करावा लागतो, आणि जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी त्यांच्या फोनवर पियानोची एकच धून असते. ती संपते आणि पुन्हा सुरू होते. मेहुण्याचा मुलगा ती आता शाळेच्या कीबोर्डवर वाजवतो.

बाईंनी मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी कामावर नेणार का? वर्षाला किती किलोमीटर? घरात आणखी कोण चालवतं, त्यांची नावं द्यावी लागतील.

'बायको चालवते,' मेहुणा म्हणाला.

'आणखी कुणी?'

'सासरे. पण ते मागच्या सीटवरून चालवतात. तोंडानं.'

बाईंनी चष्मा खाली घेऊन मेहुण्याकडं बघितलं. त्यांचेही सासरे असणार, कारण पुढं त्यांनी काही विचारलं नाही. सासऱ्यांचं नाव लागलं नाही. घरी आल्यावर सासऱ्यांना ते कळलं आणि ते दोन दिवस गाडीत बसले नाहीत. ते दोन दिवस गाडी फार सुरळीत चालली म्हणतात.

जुनी प्लेट काढायचा कार्यक्रम मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. नवी प्लेट पांढरी, निळ्या अक्षरांची, मध्ये फडकता झेंडा. जुनी ऑन्टारियोची, कोपऱ्यात पोपडे आलेली. खालचे दोन स्क्रू निघाले. वरच्यांनी मिठाचं इमान राखलं. मेहुण्यानं स्क्रूड्रायव्हर लावला, तर डोक्यावरची चीर गुळगुळीत होऊन गेली. खोबरेल तेल टाकून झालं. पकडीनं झालं. शेवटी शेजारचे सरदारजी ग्राइंडर घेऊन आले, ठिणग्या उडाल्या, आणि ऑन्टारियो सुटलं. मेहुण्याच्या बायकोनं नव्या प्लेटला हळदकुंकू लावलं, तेवढ्यात सासरे गॅलरीतून ओरडले, 'चाकाखाली लिंबू ठेवलं का?' ठेवलं नव्हतं. गाडी मागं घेऊन पुन्हा पुढं आणली.

आता जुन्या पॉलिसीचं. इथं क्रम महत्त्वाचा, आणि गंमत म्हणजे हा क्रम शिकलेल्या लोकांचाच चुकतो. दोन हप्ते एकाच वेळी चालू आहेत हे पाहून त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि ते जुनी पॉलिसी आधी बंद करून मोकळे होतात. मग मध्ये काही दिवस रिकामे जातात. त्या दिवसांत गाडी ठोकली नाही तरी विम्याच्या इतिहासात ते भोक राहतं, आणि पुढं कुठलीही कंपनी त्या भोकातून वाकून बघते. नवी पॉलिसी ज्या दिवशी सुरू, त्या दिवसापासून जुनी बंद, असं तारीख घालून लेखी कळवायचं. एखाददुसरा दिवस दोन्ही भरल्यानं कुणाची इस्टेट जात नाही. मध्येच पॉलिसी मोडली म्हणून काही कंपन्या थोडी रक्कम कापतात, काही प्रांत सोडून गेलात म्हणून माफही करतात. माफी मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मेहुण्यानं मागितली. कंपनीनं उरलेल्या महिन्यांचा परतावा देण्याचं कबूल केलं. चेक पाठवू म्हणाले. नवा पत्ता त्यानं फोनवर सांगितला, ईमेलनं लिहिला आणि पॉलिसी बंद करायच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरात टाइप केला. एवीतेवी तो सरेला राहायला गेला, याच कारणासाठी तर ती पॉलिसी बंद होत होती.

बरेच आठवडे काही आलं नाही. मग एके दिवशी सकाळी ब्रॅम्प्टनहून फोन आला. त्याच्या जुन्या घरात आता राहणाऱ्या पंजाबी आजी बोलत होत्या.

'पुत्तर, तेरी चिट्ठी आई है. इन्शुरन्सवालों की. खोलूँ?'

'खोलिए, बीजी.'

आजींनी पाकीट फाडलं, चष्मा शोधला, मजकूर सावकाश वाचला. आत चेक होता. आणि चेकसोबत एक पत्र होतं, की ब्रॅम्प्टनच्या या पत्त्यावर गाडीचा नवा विमा हवा असल्यास आमच्याकडं आकर्षक दर आहेत. आजींनी दर वाचून दाखवला. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, 'पुत्तर, तेरे उधर कितना लगता है?'